'10 दिवसांत 7 देश' वाल्या मेसेजमुळे भाचीचं तिकीट अडलंय, म्हणून हे लिहितेय

गेला आठवडाभर बडोद्यातल्या आमच्या झाडून सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आलाच असेल. त्यात म्हटलंय, एकट्याने परदेशात जाणं म्हणजे पैसे देऊन डोक्याला ताप, दर देशाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो आणि एकट्या बाईला तर तो देतच नाहीत, एकट्याला सगळं दुप्पट पडतं, शाकाहारी माणूस उपाशी राहतो, भाषा येत नाही, आणि काही झालं तर विचारायला कोणी नाही. त्यापेक्षा ग्रुपबरोबर 10 दिवसांत युरोपचे 7 देश करून या, पैसे वसूल. माझी भाची 29 वर्षांची आहे, नोकरी करते, दोन वर्षं पैसे साठवतेय, सप्टेंबरमध्ये एकटीने तीन देश निवांत फिरायचं तिच्या मनात पक्कं होतं, आणि आता तिची आई रोज रात्री जेवताना हा मेसेज काढून बसते. मी 2023 मध्ये, वयाच्या 51व्या वर्षी, एकटी प्राग (चेक), व्हिएन्ना (ऑस्ट्रिया) आणि बुडापेस्ट (हंगेरी) फिरून आले, 15 रात्री आणि फक्त तीन शहरं. त्याआधी 2017 मध्ये आईला घेऊन ग्रुप टूरही केली. दोन्ही केलंय म्हणून बोलतेय.

दर देशाचा वेगळा व्हिसा, हे तर सरळसरळ चूक आहे. शेंगेन म्हणजे युरोपातल्या देशांचा गट, त्याचा एकच व्हिसा 29 देशांना चालतो, 2025 च्या जानेवारीपासून बल्गेरिया आणि रोमानियासुद्धा पूर्ण त्यात आलेत. मोठ्या माणसाची फी आता 90 युरो आहे (मी गेले तेव्हा 80 होती), मग एक देश बघा नाहीतर सात. इंग्लंड आणि आयर्लंड त्यात नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा याचा नियमही सोपा आहे, जिथे सगळ्यात जास्त रात्री राहणार तिथे, आणि रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. मी उतरले प्रागला पण व्हिएन्नात सहा रात्री होत्या, म्हणून माझा अर्ज ऑस्ट्रियाकडे.

एकट्या बाईला देत नाहीत म्हणे. अहो, असा नियमच नाहीये. फॉर्ममध्ये लग्नाचा रकाना आहे, तो असतोच, पण ते लोक बघतात काय, तर ही बाई परत येणार का आणि तिकडे स्वतःच्या खर्चाने राहू शकणार का. म्हणजे ऑफिसचं रजेचं पत्र, इन्कम टॅक्सचे रिटर्न, बँकेचं स्टेटमेंट, राहण्याची बुकिंग, आणि निदान 30,000 युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स. स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आठ दिवस आधी अचानक मोठी रक्कम आलेली दिसली की शंका घेतली जाते, आणि ती एकट्या बाईवर जशी घेतात तशी जोडप्यावरही घेतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत, त्यामुळे ही शेवटची तारीख धरून बसू नका.

आता तो 10 दिवसांत 7 देश. याच्यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण सगळा घोळ इथे आहे.

नेहमीचा मार्ग घ्या. पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, तिथून कोलोन, मग ब्लॅक फॉरेस्ट, स्वित्झर्लंड, इन्सब्रुक, व्हेनिस आणि शेवटी रोम. नकाशावर रस्त्याने मोजून बघा, अडीच हजार किलोमीटरच्या आसपास जातं. 10 दिवसांतला एक यायचा आणि एक जायचा सोडला तर आठ राहतात, म्हणजे रोज सरासरी तीनशे किलोमीटर बसमध्ये. त्यात तिकडे बस ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटं थांबावंच लागतं आणि दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर चालवता येत नाही. नियम चांगलाच आहे, ड्रायव्हरचा आणि आपला दोघांचा जीव सांभाळणारा, पण बस उशिरा निघाली तर तो वेळ ड्रायव्हरच्या ब्रेकमधून कापता येत नाही, तो कापला जातो तुमच्या बघण्यातून. रोज बॅग भरायची, साडेसहाला रूमच्या बाहेर ठेवायची, संध्याकाळी नव्या गावात परत उघडायची. एक देश बदलला की अर्धा दिवस गेला, असा साधा हिशोब मी आता धरते. सहा वेळा देश बदलला तर तीन दिवस नुसते बदलण्यात गेले, आणि त्या तीन दिवसांचे पैसे तुम्ही भरलेलेच आहेत.

आमच्या टूरमध्ये आईला ल्युसर्नचं तळं आवडलं. 76 वर्षांची होती तेव्हा. त्या जुन्या लाकडी पुलाच्या जवळ एका बाकावर बसली, हंस बघत, आणि मला म्हणाली की आपल्या बडोद्याच्या सूरसागर तळ्याच्या काठी संध्याकाळी बसतो ना, तसं वाटतंय, फक्त गार आहे. आम्हाला दिलेली 40 मिनिटं होती, त्यातली 25 घड्याळाच्या दुकानात गेलेली. आई म्हणाली अजून जरा बसू दे गं. मी तिला उठवलं, कारण बस थांबत नाही असं दोनदा सांगितलेलं. आई गेली 2020 मध्ये. त्या टूरमधलं आम्ही बघितलेलं बाकी काय काय होतं ते मला फोटो बघितल्याशिवाय आठवत नाही, पण तिला हात धरून बाकावरून उठवलेलं आठवतं.

म्हणून मी एकटीची ट्रिप आखली तेव्हा पहिलं ठरवलं की एका गावात चार रात्रींच्या खाली राहायचं नाही. प्राग चार, व्हिएन्ना सहा, बुडापेस्ट पाच. तिकीट मल्टी-सिटी काढलं, मुंबईहून जाताना प्राग आणि येताना बुडापेस्टहून, म्हणजे विमानासाठी मागे फिरावं लागत नाही. प्राग ते व्हिएन्ना ट्रेनने चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट अडीच-पावणेतीन, आणि स्टेशनं गावात असतात त्यामुळे दुपारी निघून संध्याकाळी चहाला नव्या गावात. चौथा देश बघायचाच असेल तर व्हिएन्नाहून स्लोव्हाकियाचं ब्रातिस्लाव्हा तासाभरावर आहे, सकाळी गेले, किल्ल्यावरून डॅन्यूब नदी बघितली, रात्री आपल्याच खोलीत, बॅग हलवलीच नाही.

आपल्या गावात तर हे वेगळं सांगायला नको. सयाजीराव महाराज 1887 मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले आणि मग आयुष्यभर जात राहिले. त्यांच्याबरोबर लवाजमा असायचा, एकटे नसायचे, ते मान्य, पण ते बघत कसे होते ते बघा ना. अमेरिकेतली सार्वजनिक वाचनालयं नीट बघितली आणि 1910 मध्ये तिथले ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्यात बोलावून राज्यभर वाचनालयं उभी करायला लावली. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मी कॉलेजात असताना जायचे, ते काचेच्या फरशीचे मजले आणि लोखंडी कपाटं. एखादी गोष्ट घरी घेऊन यावी इतकी बघायला वेळ लागतो, 40 मिनिटांत होत नाही ते.

खर्चाबद्दल मेसेज निम्मा खरा आहे. एकट्याला खोली महागच पडते, दोघांत वाटली जात नाही. पण ग्रुप टूरमध्ये एकटी गेलात तर तिथेही सिंगल रूमचे जास्त पैसे लावतात, नाहीतर अनोळखी बाईबरोबर खोली देतात, ते या मेसेजमध्ये लिहिलेलं नाही. आणि पॅरिस-स्वित्झर्लंडपेक्षा प्राग आणि बुडापेस्ट स्वस्त आहेत. ट्रेनची तिकिटं दोन-तीन महिने आधी काढली की फारच कमी पडतात, फक्त ती स्वस्तवाली परत होत नाहीत, तारीख पक्की झाल्याशिवाय घेऊ नका. व्हिएन्नात ऑपेराला उभं राहून बघायची तिकिटं असतात, अगदी थोड्या युरोत, मी दोनदा गेले. पाणी विकत घेऊ नका, 1873 पासून तिथे आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी नळाला येतं, बाटली भरायची आणि चालू पडायचं.

खाण्याचं. मी अंडं खाते, मांस-मासे नाही. प्रागला तळलेलं चीज मिळतं, स्माझेनी सीर म्हणतात, व्हिएन्नात चीज घातलेले केझेश्पेट्झले, बुडापेस्टला लांगोश, म्हणजे आपल्या भटुऱ्याचा मोठा भाऊ, वरून लसूण चोळलेला, सकाळी खाल्ला की दुपारी भूक नाही. या पहिल्या दोन्हींत अंडं असतं, जे खात नाहीत त्यांनी विचारून घ्या. हंगेरीत खरी सावधगिरी वेगळी, भाजीच्या सुपातसुद्धा मांसाचा स्टॉक किंवा डुकराची चरबी असू शकते, तेव्हा फोनवर भाषांतर करून वाक्य दाखवायचं, मी रोज दाखवलं आणि कोणी तोंड वाकडं केलं नाही. व्हिएन्नातली खोली किचनवाली घेतली होती, मुगाची खिचडी चार वेळा केली. रविवारी ऑस्ट्रियात किराण्याची दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातलं एखादं उघडं असतं, म्हणून शनिवारी दूध-भाजी आणून ठेवा. आणि तूप, पेढे, श्रीखंड नेऊ नका हं, बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे. थेपले न्या, भाकरवडी न्या.

भाषेचं म्हणाल तर तीनही गावांत स्टेशन आणि हॉटेलात इंग्रजीने भागतं. त्यापेक्षा तिकीट मशीनमध्ये पंच करायला शिका, प्राग आणि बुडापेस्टला कागदी तिकीट घेऊन पंच केलं नाही तर ते तिकीट नसल्यासारखंच, दंड होतो.

राहिलं ते काही झालं तर. मला झालं. व्हिएन्नात तिसऱ्या दिवशी ताप भरला, 102. घाबरले मी, खोटं कशाला सांगू. खाली रिसेप्शनवरच्या मुलीला सांगितलं, तिने कोपऱ्यावरची फार्मसी दाखवली, तिकडे लाल रंगाचा ए असतो पाटीवर, त्या बाईंनी इंग्रजीत सगळं विचारून गोळ्या दिल्या आणि उद्यापर्यंत उतरला नाही तर डॉक्टरकडे जा म्हणून पत्ता लिहून दिला. जास्तच झालं असतं तर 112, तो नंबर सगळ्या युरोपियन युनियनमध्ये फुकट लागतो, आणि इन्शुरन्सचा 24 तासांचा नंबर मी बडोद्याहून निघतानाच कागदावर लिहून पर्समध्ये ठेवला होता, फोन बंद पडला तरी असावा म्हणून. दोन दिवस झोपून काढले, खिडकीतून ट्राम बघत. तिसऱ्या दिवशी उठले आणि व्हिएन्ना तिथेच होतं, अजून दोन दिवस माझ्या हातात होते. 2017 च्या टूरमध्ये आमच्या बरोबरच्या एका काकांना असाच ताप आला होता, त्यांनी तो बसच्या मागच्या सीटवर इन्सब्रुक ते व्हेनिस असा काढला, कारण हॉटेल तर सोडायचंच होतं आणि ग्रुप पुढे चालला होता. म्हणजे लीडर होता, 40 माणसं होती, पण झोपायला पलंग नव्हता.

हे सगळं मी वहिनीला, म्हणजे भाचीच्या आईला, समोर बसवून सांगितलं, भाचीसमोरच. वहिनीची एकच अट राहिलीये, रोज रात्री एक फोन, आणि ती मला बरोबर वाटते, मीही मुलाला रोज करायचे. भाचीची फाइल आम्ही काल रात्री लावली, शुक्रवारी बोटांच्या ठशांसाठी अहमदाबादला जायचंय, सकाळच्या ट्रेनने, मी बरोबर जातेय.