जेवून घेतली म्हणून पेनकिलर निर्धोक होत नाही

‘पेनकिलर जेवणानंतर घ्या, सोबत अॅसिडिटीची गोळी घ्या, पोट नाजूक असेल तर इंजेक्शन घ्या, मग कितीही दिवस चालते.’ आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन अशा सूज उतरवणाऱ्या औषधांबद्दलचा हा सल्ला बराच फिरतोय.

आधी जेवणाचं. गोळी जठराला टोचते म्हणून अपाय होतो, ही समजूत अर्धवट आहे. ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होऊ देत नाहीत. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 मध्ये अॅस्पिरिनबाबत हे दाखवलं आणि 1982 च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. प्रोस्टाग्लँडिनमुळे सूज आणि वेदना वाढते हे खरं, पण जठराचं अस्तर आम्लापासून सांभाळणारा चिकट थरही त्यांच्याच जिवावर टिकतो. औषध तिथे रक्तातूनही पोचतं. भरल्या पोटी जळजळ कमी होईल, व्रणाचा, म्हणजे अल्सरचा, धोका टळत नाही. कित्येकदा व्रण दुखतही नाही. डांबरासारखी काळी शौच झाली की मगच कळतं.

इंजेक्शनही रक्तातच जातं. तो मुद्दा इथेच संपला.

अॅसिडिटीच्या गोळीचं मात्र निम्मं खरं आहे. ओमेप्राझोलसारख्या औषधाने जठरातले व्रण खरोखर कमी होतात. डॉक्टर ते उगाच देत नाहीत. पण मूत्रपिंडाला त्याचा काही उपयोग नाही. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडात रक्त आणणारी बारीक धमनी प्रोस्टाग्लँडिनच उघडी ठेवतात. समजा, कुणाला बीपीसाठी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू आहे, जोडीला लघवी वाढवणारी गोळी आहे, त्यात जुलाब लागले आणि अंग दुखतं म्हणून डायक्लोफिनॅक घेतलं. मूत्रपिंड मंदावल्याची खूण असलेलं रक्तातलं क्रिएटिनिन चढायला एवढं पुरतं, आणि पोटात साधं गुरगुरतही नाही.

राहिलं ‘कितीही दिवस’. याच गटातलं रोफेकॉक्सिब हे जठराला कमी त्रास देणारं औषध म्हणून आलं होतं. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढल्याचं दिसल्यावर 2004 मध्ये ते बाजारातून काढून घेतलं. या गटातल्या इतर औषधांबद्दलही अमेरिकेच्या औषध नियामकाने 2015 मध्ये बजावलं की हा धोका पहिल्या काही आठवड्यांतच वाढू शकतो. अॅस्पिरिनला हा इशारा लागू नाही.

म्हणून ‘पेनकिलर म्हणजे विष’ हा उलटा सल्लाही मला पटत नाही. धडधाकट माणसाने मुरगळलेल्या पायासाठी दोन-तीन दिवस गोळी घेतली तर सहसा बिघडत नाही. फक्त पट्टीमागची बारीक अक्षरं वाचावीत: एकावर ‘अॅसिक्लोफिनॅक’ आणि दुसऱ्या, वेगळ्या नावाच्या पट्टीवर ‘डायक्लोफिनॅक’ असेल, तर दोन्ही याच गटातली, त्यातली एकच घ्यायची.