छतावर सोलर बसवताय? मग आधी हे करा

मे महिना, पारा ४५ ला टेकलेला, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि आमच्या छतावरचं तीन किलोवॅटचं सोलर बंद. बंद का? तर ऊन जास्त झालं म्हणून. खान्देशात अजून ज्यांच्या छतावर पॅनल चढलेली नाहीत, त्यांच्या भल्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवतो.

केंद्राच्या योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे, ते जरूर घ्या. तुमच्याकडून शेवटचा हप्ता हातात पडेपर्यंत सोलर बसवणारा वेंडर तुमचा फोन पहिल्या रिंगला उचलेल. ते दिवस मनसोक्त जगून घ्या.

नेट मीटरची, म्हणजे लाईनला दिलेली आणि लाईनकडून घेतलेली वीज मोजणाऱ्या मीटरची, घाई करू नका. येईल.

पॅनल दर आठवड्याला धुवा. पाणी कुठून आणायचं ते नगरपालिकेला विचारा.

आता मुख्य सल्ला. दुपारी वीज तयार करू नका. हसू नका, खरंच सांगतोय. गल्लीत एकाचं बघून दुसऱ्याने असं करत बरीच छतं निळी झाली. दुपारी माणसं दुकानात, हापिसात, शेतात. घरात चालू काय, तर फ्रिज आणि म्हाताऱ्यांच्या डोक्यावरचा पंखा. मग वीज जाणार कुठे? ती उलटी डीपीकडे, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरकडे, निघते आणि लाईनचं व्होल्टेज चढत जातं. नियम असा की २३० च्या वर दहा टक्के, म्हणजे २५३ व्होल्ट ओलांडले की इन्व्हर्टरने, म्हणजे पॅनलची वीज लाईनला जोडणाऱ्या डब्याने, दोन सेकंदांत लाईन सोडायची. आमचा इन्व्हर्टर इमानदार, तो सोडतो. थोड्या वेळाने पुन्हा जोडतो, पुन्हा सोडतो. ऐन बारा ते तीन, जेव्हा कमाई व्हायची, तेव्हा हा खेळ. शेवटी वीज कंपनीच्या कार्यालयात गेलो. साहेब म्हणाले, "लोक लाईट नाही म्हणून येतात, तुम्ही जास्त झाली म्हणून आलात?" चहा पाजला. म्हटलं, डीपीचा टॅप, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायची कळ, एक पायरी खाली घ्या. तर म्हणे, "मग संध्याकाळी शेवटच्या घराला उजेड पडणार नाही." हे मात्र ते खरं बोलले. संध्याकाळी सात वाजता त्याच गल्लीत सगळे कुलर, सगळ्या मोटारी आणि पिठाची गिरणी एकदम सुरू होते आणि व्होल्टेज धापा टाकत खाली येतं. दुपारी उतू जातं, रात्री पुरत नाही, आणि दोन्ही वेळेला डीपी तीच. बरं, टॅप नको तर नको, निम्म्या गल्लीची सोलर एकाच फेजवर लटकलीत, ती तरी तिन्ही फेजवर वाटून द्या! वायरमन म्हणाला, पाहतो. पाहतोच आहे.

दुपारी लाईट गेली की तुमचं सोलरही जाईल, हे शेजाऱ्यांना आधीच समजावून ठेवा. नाहीतर आमच्या शेजारच्या आजींसारखं कुणीतरी ओट्यावरून विचारेल, "तुमनं तर उनवर चालस ना रे भाऊ?" आजींना कसं सांगू की खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरची वीज लागून तो मरू नये, म्हणून इन्व्हर्टर स्वतःच गप्प बसतो? कारण शंभर टक्के योग्य आहे. पण भर उन्हात, डोक्यावर तीन किलोवॅट घेऊन, पेपरने वारा घालत बसायचं. उपाय आहे, बॅटरी घ्या. अनुदान पॅनलला आहे, बॅटरीला नाही.

शेतात मोटार असेल तर ऑटो स्विच लावाच. लाईट आली रे आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठल्या पाहिजेत. डीपी जळाली तर वर्गणीची सवय आहेच.

वीज तयार करण्यात आपण मागे आहोत का? मुळीच नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला २०१३ मध्ये १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प उभा राहिला, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे, आणि सूर्य मावळला की भुसावळजवळ दीपनगरचं कोळशावरचं वीज केंद्र आहेच. अडलंय कुठे? पवनचक्की जोरात फिरते पावसाळ्यात, आणि रावेर-यावलच्या केळीला पाणी लागतं उन्हाळ्यात. सोलर पिकतं दुपारी आणि आम्हाला लाईट हवी रात्री. हे जुळवायचं कुणी? २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आली, शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची म्हणून. जिथे फीडर, म्हणजे शेतीला वीज नेणारी लाईन, खरोखर सोलरवर गेला, तिथे रात्री बिबट्याच्या धाकात टॉर्च घेऊन पाणी भरायला जाणं थांबलं. म्हणजे मागणी दिवसावर आणता येते! मग आमच्या कॉलनीच्या बोअरची मोटार, जी त्याच डीपीवर आहे, ती संध्याकाळी सातलाच का लागते? दुपारी बाराला टाकी भरायला कुणी हात धरलाय?

कुणी नाही. सवय म्हणून, दुसरं काय. अरे बाबांनो, वॉशिंग मशीन दुपारी लावा, पाण्याची मोटार दुपारी लावा. "नेट मीटर आहे, दिवसा दिलेली वीज रात्री परत घेऊ" हा हिशेब बिलावर चालतो, डीपीला तो कळत नाही. ते ऑटो स्विच काढून फेका आणि मोटारीला डीपीवरचा भार हलका करणारा कॅपॅसिटर बसवा, किती वर्षं सांगतायत तुम्हाला. आणि साहेब, तुम्हीही. अर्जावर सही करताना डीपी किती क्षमतेची, तिच्यावर आधीच किती किलोवॅट चढलंय, ते वर बघत जा. मान मोडणार नाही. फेज वाटून द्यायला दिल्लीची नवी योजना लागत नाही. एक शिडी, एक पकड आणि अर्धा तास लाईट बंद. ती तशीही बंदच असते.