पाकीट घेऊन जाणाऱ्याने सारफथच्या विधवेचे नाव घेऊ नये

आज उपासनेनंतर आमच्या मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, एका कुटुंबाच्या घरी प्रार्थनासभा होती आणि तिथून परतल्यापासून माझा संताप शमलेला नाही. त्या घरातील कर्ता पुरुष अपघातानंतर अंथरुणाला खिळला आहे, उधारी वाढली आहे आणि त्याची पत्नी शिलाईच्या कामावर सगळे निभावून नेत आहे. अशा घरी बाहेरगावाहून आलेल्या वक्त्यांनी बायबलमधील पहिले राजे या पुस्तकातील सतरावा अध्याय उघडला, दुष्काळात उरलेल्या मूठभर पिठाची भाकर आधी एलीया संदेष्ट्याला दिल्यावर जिच्या मडक्यातले पीठ संपले नाही त्या सारफथच्या विधवेची कथा सांगितली आणि शेवटी त्या बहिणीकडे पाहून म्हटले की, देवाला आधी द्या म्हणजे तुमचे मडके कधी रिकामे होणार नाही, आणि अजूनही पुरवठा झाला नसेल तर आपल्या विश्वासात कोठे उणीव आहे ते तपासून पाहा. ती उठली, आत गेली, डब्यातून घडी घातलेल्या नोटा घेऊन आली आणि तिने त्या दानाच्या पाकिटात घातल्या. ते पैसे तिच्या मुलीच्या फीचे होते, हे मला ठाऊक आहे, कारण मागच्याच आठवड्यात तिने माझ्या पत्नीला ते सांगितले होते.

सभा संपल्यावर मी अंगणात त्या वक्त्यांना गाठून ते पाकीट परत करावे अशी विनंती केली. त्यांनी मला एवढेच सांगितले की, मी तिच्या आशीर्वादाच्या आड येऊ नये. त्यानंतर ते गाडीत बसून निघून गेले.

ज्या अध्यायाचा त्यांनी आधार घेतला, तो अध्याय त्यांनी पूर्ण वाचला असता तर बरे झाले असते. एलीया सारफथला आला तो स्वतः तहानलेला आणि भुकेला होता. करीथ ओहोळाच्या काठी कावळे त्याला भाकर आणि मांस आणून देत होते हे खरे, परंतु पाऊस नसल्यामुळे तो ओहोळसुद्धा आटला, म्हणजे देवाच्या संदेष्ट्यालाही त्या अवर्षणातून सूट मिळाली नव्हती. त्याने त्या विधवेकडे आधी स्वतःसाठी लहानशी भाकर मागितली, ही गोष्ट मी नाकारत नाही. ती वचनात आहे. परंतु भाकर खाऊन तो निघून गेला नाही. तो त्याच घराच्या माडीवर राहिला, त्याच मडक्यातले पीठ आणि त्याच कुपीतले तेल तिघांनी पुष्कळ दिवस खाल्ले, आणि तिचा मुलगा दगावला तेव्हा तिच्या पापाची चौकशी करण्याऐवजी एलीयाने त्या मुलाला उचलून माडीवर नेले आणि त्याच्यासाठी देवाचा धावा केला. ज्याला ही कथा सांगून कोणाकडून काही घ्यायचे असेल, त्याने आधी त्या घरी मुक्काम करावा आणि त्या मडक्यात जे असेल तेच खावे.

देव पुरवतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. हा विश्वास मला कोणत्याही शिबिरात मिळालेला नाही, तो १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी मिळाला. वडील त्याआधीच वारले होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. मुकादम ढिगाचे माप घेई, पगार आठवड्याने मिळायचा आणि तोही पुष्कळदा लांबायचा. कामावर मिळालेली सुकडी ती स्वतः न खाता पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिळत असे, त्याची लालसर भाकरी थापताना फुटायची आणि थंड झाली की घशाखाली उतरत नसे. त्या भाकरीसमोरही आई आम्हाला हात जोडायला लावायची आणि ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’ हे शब्द आमच्याकडून म्हणवून घ्यायची.

त्या दिवसांत आमच्याकडेही उपदेश करणारी माणसे आली होती. मंडळीतीलच चांगल्या घरातील बायका संध्याकाळी येऊन ओट्यावर बसत आणि आईला सांगत की, बाई, ही परीक्षा आहे, देव आपल्या लेकरांना ताडन करतो, तुम्ही गुडघ्यावर अधिक वेळ राहा. आई दिवसभर खडीच्या ढिगाशी गुडघ्यावरच असायची. त्या बायका प्रेमाने बोलत होत्या, हेही मला मान्य केले पाहिजे, आणि त्यांच्यापैकी कोणी पैसे मागितले नाहीत. तरीसुद्धा त्या उठून गेल्यावर आई बराच वेळ चुलीपुढे गप्प बसून राहायची, आणि त्या वयातही मला एवढे कळत होते की, आमच्या घरी येऊन त्यांनी आमचे ओझे वाढवले आहे.

शास्त्रात अशा मित्रांचा उल्लेख आहे. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र, मुलेबाळे, धन आणि आरोग्य सगळे गमावलेल्या नीतिमान ईयोबाकडे आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, आणि तेवढेच काय ते त्यांनी योग्य केले. त्यांनी तोंड उघडले आणि ईयोबाचे दुःख हा त्याच्या दोषाचा पुरावा ठरवला, तेव्हा अखेरीस देवाने त्यांनाच ठपका दिला. हे पुस्तक आपण वर्षानुवर्षे वाचतो, त्यावर संदेश देतो आणि दुखणाईताच्या घरी गेलो की त्या तिघांचीच भाषा बोलू लागतो.

ज्यांना वाटते की उपासमार म्हणजे भक्तीची उणीव, त्यांनी पंडिता रमाबाईंच्या वडिलांचे आयुष्य डोळ्यांपुढे आणावे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपली मिळकत दानधर्मात आणि तीर्थयात्रेत घालवली, पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवले, त्यासाठी समाजाचा रोष पत्करला आणि पुराणे सांगत हे कुटुंब देशभर पायी फिरले. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी व्रते केली, उपवास केले, देवळांत दिवसच्या दिवस प्रार्थना केल्या, रानातली फळे खाऊन दिवस काढले, आणि तरीही आधी वडील, मग आई, मग मोठी बहीण अशी माणसे एकामागून एक गेली. त्या घराची निष्ठा माझ्यापेक्षा किंवा आज सभेत बोललेल्या कोणापेक्षाही कमी होती, असे म्हणण्याची माझी छाती नाही.

पुढे रमाबाई ख्रिस्ती झाल्या म्हणून त्यांचे हाल संपले, अशी साक्ष आपल्याकडे सोयीस्करपणे दिली जाते, पण ती खरी नाही. त्यांच्यापुढे संकटे येतच राहिली. फरक एवढाच की भुकेची आठवण त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या आल्या तेव्हा आपल्या आईवडिलांचे शेवटचे दिवस त्यांना आठवले आणि त्या स्वतः तिथे गेल्या. सुमारे तीनशे मुली आणि स्त्रियांना त्यांनी आणले, त्यांतील कित्येकजणी हाडांचे सापळे झालेल्या होत्या. पुण्यात प्लेग होता, निर्बंध होते, म्हणून केडगावच्या उघड्या रानात त्यांची सोय करावी लागली, आणि तेच पुढे मुक्ती सदन झाले. अमेरिकेतील संस्थेने दहा वर्षांच्या मदतीचे दिलेले वचन १८९८ मध्ये संपले, आणि बाईंनी काम आवरते घेण्याऐवजी वाढवले. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिथल्याही मुली त्यांनी आणल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. त्या उन्हाळ्यात विहिरींचा तळ रोज संध्याकाळी दिसायचा आणि सकाळी त्यांत थोडे पाणी जमलेले असायचे. उद्या पाणी येईल की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि एवढ्या माणसांना व गुराढोरांना त्या पाण्यावर त्यांनी जगवले. परमेश्वराच्या पुरवठ्याबद्दल बोलण्याचा अधिकार मी अशा बाईचा मानतो, कारण तिने आणलेल्या एकाही मुलीला तू का उपाशी राहिलीस असे तिने विचारले नाही. तिने तिला आधी जेवू घातले, आणि पुढे शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना यांतले काम हाती दिले.

काहीजण मला म्हणतील की, रमाबाईंचा पैसा परदेशातून येत होता आणि त्या तिथल्या मित्रांना पत्रे व अहवाल पाठवत होत्या. होय, पाठवत होत्या. देवाचा पुरवठा माणसांच्या हातून आला म्हणून तो देवाचा नाही, असे कोणाला वाटत असेल तर बायबलमधल्या अंत्युखिया नगरातल्या मंडळीचे काय करायचे? अगब नावाच्या संदेष्ट्याने मोठा दुष्काळ पडणार असे सुचवले तेव्हा तिथल्या शिष्यांनी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे वर्गणी गोळा केली आणि बर्णबा व शौल यांच्या हाती ती यहूदीयातल्या बांधवांकडे पाठवून दिली. यहूदीयातल्या मंडळीने मदत मिळण्यासाठी आधी स्वतः दानाचे बियाणे पेरावे, असा निरोप त्यांनी धाडल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत कोठेही लिहिलेले नाही.

जॉर्ज म्युलर यांचेही उदाहरण अशा वेळी हमखास पुढे केले जाते. ब्रिस्टलमध्ये त्यांनी दहा हजारांहून अधिक अनाथ मुले सांभाळली आणि त्यासाठी कोणापुढेही हात न पसरता केवळ प्रार्थनेवर भरवसा ठेवला, हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. रमाबाईंनाही त्यांच्या चरित्रातून धीर मिळाला होता. परंतु म्युलर यांनी विश्वासाची ती जोखीम स्वतःच्या शिरावर घेतली होती. मुलांच्या जेवणाची चिंता त्यांनी देवापुढे नेली, मुलांच्या ताटातले काढून कधी पाकिटात घातले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की, ही परीक्षा आहे असे म्हणण्याचा हक्क फक्त ज्याच्यावर ती आली आहे त्याला असतो. देवाच्या आज्ञेवरून आपल्या मुलाचे बलिदान करायला अब्राहाम मोरिया डोंगराकडे निघाला तेव्हा त्याच्या शेजाऱ्यांनी त्याला परीक्षेचा अर्थ समजावून सांगितला नव्हता. त्या जागेला यहोवा-यिरे, म्हणजे परमेश्वर पुरवील, हे नाव अब्राहामाने स्वतः दिले, आणि तेही डोंगर चढून गेल्यावर. ज्या घरात औषधाचे पैसे नाहीत तिथल्या बाईने रात्री एकटीने देवाला सांगितले की, प्रभो, ही परीक्षा असेल तर मला टिकून राहण्याचे बळ दे, तर तो विश्वास आहे. तेच वाक्य पोटभर जेवलेल्या पाहुण्याने तिला ऐकवले, तर याकोबाने आपल्या पत्रात ज्याला फटकारले तेच हे आहे. उघड्या आणि भुकेल्या बांधवाला सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो असे नुसते म्हणायचे आणि त्याला लागणारे काही द्यायचे नाही, यात काय लाभ, असे त्याने स्पष्ट विचारले आहे.

हे लिहिता लिहिता माझा राग थोडा निवळला आहे, कारण आमच्या शेजारच्या काकूंची आठवण झाली. त्या आमच्या मंडळीतल्या नव्हत्या, माळकरी घरातल्या होत्या. त्यांच्याही विहिरीला पाणी नव्हते आणि त्यांची गुरे छावणीत होती. एका संध्याकाळी त्या मागच्या दाराने आल्या, पदराआडून पायलीभर बाजरी काढून आईच्या सुपात ओतली आणि आई परतफेडीचे काही बोलू लागली तेव्हा, पाऊस पडल्यावर बघू, असे म्हणून निघून गेल्या. पुढे पाऊस पडला, आम्ही भावंडे शिकलो, आणि मी नोकरीला लागल्यावर आईला एकदा विचारले की, त्या वर्षी तुझा विश्वास डळमळला नाही का. ती म्हणाली की, ओट्यावर बसून लोक बोलायचे तेव्हा डळमळायचा, आणि काकूंनी बाजरी दिली त्या रात्री मी देवाचे उपकार मानून निजले. दुष्काळी कामाचा पगार, रेशनचा मिलो, सुकडी आणि ती बाजरी, हे सगळे तिने शेवटपर्यंत देवाचा पुरवठा म्हणूनच मोजले. त्यातले काहीही आकाशातून पडले नव्हते, आणि त्यामुळे तिच्या लेखी त्याची किंमत जराही कमी झाली नव्हती.

अरण्यात इस्राएल लोकांना देवाने दिलेल्या मान्ना या अन्नाबद्दलही आपण अर्धेच सांगतो. पहाटे मान्ना पडत असे हे सांगतो, पण ज्याने जास्त गोळा केले त्याचे उरले नाही आणि ज्याने थोडे गोळा केले त्याला कमी पडले नाही, हे सांगत नाही. ज्यांनी उद्यासाठी दडवून ठेवले त्यांच्या साठ्यात किडे पडले, हेही सांगत नाही. आमच्या मंडळीच्या इमारत निधीत आज चांगली रक्कम पडून आहे. कुंपणाची भिंत पुढच्या वर्षी झाली तरी उपासनेत काही खंड पडणार नाही, असे मी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळाच्या येत्या बैठकीत मांडणार आहे. काहींना ते रुचणार नाही आणि निधीचे नियम असतात, हा त्यांचा मुद्दाही चुकीचा नाही. मग नियमात बसेल असा वेगळा मदतनिधी उभा करू, पण या घरासाठी तो या महिन्यात उभा राहिला पाहिजे.

तोपर्यंत मुलीची फी भरायची आहे आणि औषधाच्या दुकानातील उधारी फेडायची आहे. जे आमच्या गावात आहेत त्यांनी मला फोन करावा, जे बाहेर आहेत त्यांनी इनबॉक्समध्ये लिहावे. कृपा करून त्या कुटुंबाचे नाव येथे कोणी लिहू नये आणि त्यांच्या घरी जाऊन पैसे देताना फोटो काढू नयेत. ज्यांच्याकडे शिवायचे कपडे असतील त्यांनी ते तिच्याकडे द्यावेत आणि शिलाई ठरलेल्या दराने, त्याच दिवशी द्यावी. त्या वक्त्यांना पुन्हा आपल्याकडे बोलवायचे की नाही, हा प्रश्न मी पाळकसाहेबांपुढे लेखी ठेवत आहे, आणि ते पाकीट परत मागणारे पत्रही त्यासोबत जोडले आहे. ज्यांना त्यावर सही करायची असेल त्यांनी बुधवारच्या प्रार्थनेपूर्वी माझ्या घरी यावे.