चाकण ते मिसिसागा, मार्गे एफडी

अडीअडचणीला पैसे हाताशी असावेत म्हणून माणूस बचत करतो, असं अर्थशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. आमच्या घरात बचत करतात ती पैसे हाताला लागू नयेत म्हणून. पीपीएफ पंधरा वर्षांचं, एलआयसी वीस वर्षांची, एफडी आईच्या आणि माझ्या जॉइंट नावावर, तिची पावती कपाटाच्या आतल्या कप्प्यात, कप्प्याची किल्ली डाळीच्या डब्यात, आणि डबा कुठल्या डाळीचा हे फक्त आईला ठाऊक. चोराचं सोडाच, मालकालाही सहजी पोचता येऊ नये अशी ही व्यवस्था दोन पिढ्यांनी डोकं चालवून केलेली. ती अख्खी उचलून कॅनडाला न्यायची, असं मी आणि बायकोने एका रविवारी ठरवून टाकलं.

कॅनडाचं सरकार पर्मनंट रेसिडन्सी देण्याआधी तुम्ही तिथे जाऊन उघड्यावर पडणार नाही याचा पुरावा मागतं. तिथली नोकरी हातात नसेल तर चौघांच्या कुटुंबाला २०२५ च्या हिशेबाने साधारण २८ हजार कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, म्हणजे सतराएक लाख रुपये. ते कुणाकडून उसने आणलेले चालत नाहीत आणि राहत्या घराची किंमतही त्यात धरत नाहीत. कोथरूडमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, या वाक्याने पुण्यात लग्नं जुळतात. कॅनडाच्या लेखी ते वाक्य नाहीच.

म्हणजे एफडी मोडणं आलं. आमच्याकडे एफडी मोडली असं ऐकलं की पुढचा प्रश्न असतो, "कोणत्या हॉस्पिटलमध्ये आहेत?" आईने तो विचारलाच. कोणीही आजारी नाही म्हटल्यावर ती जास्तच घाबरली. बातमी कशी कोण जाणे आत्याकडे पोचली आणि ती संध्याकाळी शहाळी घेऊन हजर. मी धडधाकट दार उघडलेला पाहून तिने शहाळी आईच्या हातात दिली आणि विचारलं, "मग जावयाचा काही धंदा बुडाला का?" आमच्या घराला जावईच नाही.

बँकेचे मॅनेजरसाहेब सज्जन माणूस. मी कॅनडाच्या मागण्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. बँकेचं लेटरहेड, त्यावर पत्ता, फोन, ईमेल. खात्यांचे नंबर, खाती कधी उघडली, आजची शिल्लक, गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक, डोक्यावर कर्ज असेल तर तेही. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"सरासरी कशाला?"

"त्यांना लागते."

"शिल्लक लिहून देतो. सरासरी तुमची तुम्ही काढा."

"मी काढलेली ते मान्य करणार नाहीत, साहेब."

"मग मी काढलेली कशी करतील? मला तरी ते कुठे ओळखतात?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही. शिवाय लेटरहेड संपलं होतं. ते झोनल ऑफिसातून येतं आणि झोनल ऑफिसात मार्च एंडिंग चालू होतं. बँकेतला मार्च मेपर्यंत पुरतो. शेवटी काउंटरवरच्या मॅडमना दया आली. त्यांनी एक्सेल उघडलं, सरासरी काढली, पत्र टाइप केलं आणि फोनच्या जागी शाखेचा लँडलाइन नंबर घातला. तो केव्हाच बंद पडलाय हे मला माहीत होतं, कारण मी तो नेहमी लावून पाहायचो. "तिकडून चौकशीला फोन आला तर?" मी विचारलं. मॅडम शिक्का मारत म्हणाल्या, "त्यांच्याकडे उजाडतं तेव्हा आपलं शटर खाली असतं. काळजी करू नका."

एवढं करूनही चार लाख कमी पडत होते. ते बाबा देणार होते. पण खात्यात अचानक मोठी रक्कम आली की ती कुठून आली हे सांगावं लागतं, आणि वडिलांनी दिली असेल तर ती भेट आहे, कर्ज नाही, असं वडिलांच्या सहीचं पत्र जोडावं लागतं. व्हिसाचा सल्लागार म्हणाला, नोटरी करूनच टाका. बाबा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्याने केलेल्या मसुद्यावर सही करणं त्यांच्या रक्तात नाही. शिवाय महाराष्ट्रात २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभराचा स्टँप पेपर जाऊन तिथे पाचशेचा आलाय, हे त्यांना व्हेंडरच्या खिडकीपाशी कळलं.

"पोटच्या पोराला पैसे द्यायचे, त्याला पाचशे रुपये फी?" इथपासून सुरुवात झाली. मग त्यांनी मसुदा हातात घेतला आणि लाल पेन मागितलं. 'सदर रक्कम परत मागण्याचा मला कोणताही हक्क राहणार नाही' या ओळीवर पेन थांबलं.

"परत मागणार नाही, हे ठीक. हक्क राहणार नाही म्हणजे काय?"

"म्हणजे तेच, बाबा."

"तेच कसं? हक्क राहू दे. मी तो वापरणार नाही."

या एका वाक्यावरून घरात जेवणं उशिरा झाली. आई मध्ये पडली, बायको मध्ये पडली, नोटरीवाले वकील फोनवरून मध्ये पडले. अखेर बाबांनी सही केली, पण खाली स्वतःच्या अक्षरात 'वरील मजकूर वाचून व नाइलाजाने समजून घेतला' असं लिहून. वकिलांनी 'नाइलाजाने' खोडायला लावलं, त्यावर पुन्हा छोटी सही. कॅनडाच्या अधिकाऱ्याला ती खाडाखोड कशी दिसली असेल कोण जाणे. त्याने मान्य केलं खरं.

व्हिसा आला, आता पैसे प्रत्यक्ष पाठवायचे. त्यासाठी रिझर्व्ह बँकेची लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम आहे. २००४ साली ती सुरू झाली तेव्हा मर्यादा २५ हजार अमेरिकन डॉलर होती. आता माणशी वर्षाला अडीच लाख आहे. अडीच लाख डॉलर म्हणजे दोन कोटींच्या वर. आपल्या सरकारला आपल्याबद्दल इतकी खात्री असल्याचं वाचून मला भरून आलं. पुढच्या परिच्छेदात टीसीएस नावाचा आगाऊ कर होता. वर्षात दहा लाखांच्या वर जे पाठवाल त्याच्या वीस टक्के रक्कम बँक आधी कापून सरकारला भरते. ती बुडत नाही, रिटर्न भरलं की वळती होते. पण मी रिटर्न भरणार पुढच्या जुलैत, आणि टोरोंटोजवळच्या मिसिसागाचा घरमालक भाडं मागणार या महिन्यात.

ही दहा लाखांची मर्यादा प्रत्येक पॅनला वेगळी असते, हे मला रात्री साडेबाराला लक्षात आलं. मी बायकोला उठवून सांगितलं की निम्मे पैसे तुझ्या नावावरून पाठवू. ती म्हणाली, "फ्लॅट घेताना माझं नाव दुसरं टाकलं होतंस. आता पहिलं टाकशील?" टाकलं. तिचे पैसे माझ्या आधी पोचले आणि मधल्या बँकेने तिच्यातून कापलेही कमी. यावर मी काही बोललो नाही.

पीपीएफचं मी थोडक्यात उरकतो, कारण ते माझ्यासारख्यांना कोणीच थोडक्यात सांगत नाही. परदेशात स्थायिक झालात तर मुदत संपेपर्यंत खातं चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही. पाच वर्षं झाली असतील तर एक टक्का व्याज सोडून बंदही करता येतं. मी ठेवलं. डाळीच्या डब्यातून ती किल्ली काढायचा धीर झाला नाही.

पीएफचा क्लेम मात्र परत आला. कारण काय, तर वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये आधारवर एक 'ई' आहे आणि पीएफमध्ये तो नाही. कंपनीच्या एचआरने सोळा वर्षांपूर्वी तो गाळला. बाबांनी ही गोष्ट व्यक्तिशः घेतली आणि तिथून पुढे तो क्लेम त्यांचा झाला. पेन्शनचा भाग तर मला काढताच येत नाही. नोकरी दहा वर्षांच्या वर झाली की तो एकरकमी मिळत नाही, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शनच, पन्नाशीनंतर लवकर हवी तर कमी. म्हणजे माझी थोडी बचत भारतात माझी वाट बघत बसलीय, आणि ती माझ्यापेक्षा निवांत आहे.

तिकडे बायको सामानाची यादी करत होती. कॅनडात पहिल्यांदा राहायला जाताना सोबतच्या आणि मागून येणाऱ्या सामानाची किमतीसकट यादी कस्टम्सला द्यायची असते, दागिन्यांचे फोटोही जोडा म्हणतात. ठुशी, तन्मणी आणि पाटल्या फुटपट्टीशेजारी ठेवून आम्ही फोटो काढले. पुरणयंत्राची किंमत तिने बारा डॉलर लावली. टोरोंटोच्या विमानतळावर अधिकाऱ्याने यादीवरून बोट फिरवलं. ते ठुशीवरून सरळ गेलं आणि पुरणयंत्रावर अडलं. हे यंत्र विजेवर चालतं का? बायको म्हणाली, नाही, नवऱ्यावर चालतं. त्याने शिक्का मारला.

आता नोकरी.

चाकणला मी क्वालिटीत होतो. ब्रेकचे पार्ट. कास्टिंगमध्ये पिनहोल दिसलं की अख्खा लॉट अडवायचा आणि मग प्रॉडक्शनवाल्यांशी संध्याकाळपर्यंत भांडायचं, हे माझं काम. आमचा बराचसा माल निर्यातीचा, त्यातला काही थेट ओंटारियोतल्या, म्हणजे मिसिसागाच्याच प्रांतातल्या, कारखान्यांत जाणारा. इथे आल्यावर फोनवर मुलाखती सुरू झाल्या. समोरची बाई अतिशय गोड बोलायची, माझं नाव बरोबर उच्चारायचा जिवापाड प्रयत्न करायची आणि मग विचारायची, "इथला काही अनुभव?" मी तपासून पाठवलेले पार्ट इथल्या रस्त्यांवर, इथल्या बर्फात, वर्षानुवर्षं फिरत होते. त्यांना कॅनेडियन अनुभव होता. मला नव्हता.

ओंटारियोत १ जानेवारी २०२६ पासून पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाला नोकरीच्या जाहिरातीत 'कॅनेडियन अनुभव हवा' असं लिहिता येत नाही. कायदा चांगला आहे. जाहिरातींतून ते वाक्य खरंच गेलं. आता फोनवर "इथले दोन रेफरन्स" मागतात. इथे मला ओळखणारे दोघेच, एक घरमालक आणि दुसरा त्याचा कुत्रा. पैकी कुत्र्याचं मत बरं आहे.

बायोडेटा सहा पानांचा होता. मराठी भाषिक मंडळाच्या कार्यक्रमात भेटलेल्या एका जुन्या काकांनी तो दोन पानांवर आणला. फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही, वडिलांचं नाव, सगळं काढलं. वडिलांचं नाव काढताना मला पीएफचा तो 'ई' आठवला. काकांनी 'इंजिनियर' हा शब्दही खोडला. इथे परवान्याशिवाय स्वतःला इंजिनियर म्हणवून घेता येत नाही. परवाना देणाऱ्या प्रांतिक संस्थेने कॅनडातल्या अनुभवाची अट २०२३ मध्ये काढून टाकली हे खरं, पण बाकीचं दिव्य आहेच. कोथरूडच्या दारावरच्या पाटीत बाबांनी माझ्या नावापुढे 'बी. ई. (मेक.)' लिहून घेतलंय, पितळी अक्षरांत. ती पाटी ओंटारियोच्या हद्दीबाहेर आहे, एवढाच दिलासा.

दरम्यान गोदामात रात्रपाळी धरली. पट्ट्यावरून खोकी येतात, आपण स्कॅन करायची. डावीकडे लुधियान्याचा डेंटिस्ट, उजवीकडे मनिलाचा अकाउंटंट, मध्ये मी. डेंटिस्ट रोज रात्री माझ्या दाढेकडे बघून हळहळायचा. बघण्यापलीकडे त्याला काही करायची परवानगी नव्हती.

बँकेत क्रेडिट कार्ड मागायला गेलो. माझा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीचे गुण, आठशेच्या वर, हे मी अभिमानाने सांगितलं. इथला स्कोअरही तीनशे ते नऊशेतच मोजतात, पण आपला इथे धरत नाहीत. कार्ड हवं तर पाचशे डॉलर त्यांच्याकडे ठेवायचे, त्यावर ते मला पाचशेची मर्यादा देणार. माझेच पैसे मला उधार, आणि मी ते वेळेवर फेडतो का यावर त्यांची नजर. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आईची पद्धत हीच आहे, फक्त ती व्याज लावत नाही.

फेब्रुवारीत एका पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात कंत्राटावर इन्स्पेक्टर म्हणून लागलो. पगार चाकणच्या पदापेक्षा खालचा, काम तेच, भांडण इंग्रजीत. बाबांना फोन करून कळवलं. त्यांनी अभिनंदन केलं आणि लगेच मुद्द्यावर आले. माझं पुण्याचं बचत खातं नियमाप्रमाणे एनआरओ, म्हणजे परदेशस्थ भारतीयाचं, झालं होतं आणि तिथल्या व्याजातून तीस टक्के टीडीएस कापला गेल्याचा मेसेज माझ्या जुन्या नंबरवर, म्हणजे त्यांच्या हातात, आला होता.

"तीस टक्के! तू तिकडे गेलास एवढ्यावरून?"

"वर सेसही आहे, बाबा. रिटर्नमध्ये थोडे परत मिळतील."

"परत मिळण्यावर मला भरवसा नाही. त्यापेक्षा उरलेले माझ्या नावावर टाक. मुलाने बापाला दिलेल्या पैशावर टॅक्स नाही, मी सीएला विचारलंय."

"चालेल. उद्या पाठवतो."

"असे नाही पाठवायचे. आधी पाचशेचा स्टँप पेपर कर. मसुदा मी पाठवतो. परत मागण्याचा तुला कोणताही हक्क राहणार नाही, ती ओळ तशीच्या तशी ठेव."