मामाची मरून चादर जांभळी कशी झाली

परवा परत फोन आला, "ती जांभळी चादर आहे का ओ, डबल बेडची?" मामाने फोन ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी गुपचूप उठून शटरच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. बाहेर ४३ डिग्री होतं पण आतल्यापेक्षा बरं. कारण आमच्या मामाच्या दुकानात जांभळी चादर नाही, कधीच नव्हती, ती फक्त माझ्या व्हिडिओत आहे.

मामाचं सोलापुरात नव्या पेठेजवळ छोटं दुकान आहे, चादरी, टर्किश टॉवेल, थोडी वॉल हँगिंग. लग्नसराई चालू झालेली आणि समोरच्या दुकानवाल्याने इन्स्टावर रील टाकलेलं, तेवढं मामाला पुरलं. "दिवसभर फोन घेऊन काय करालायस बे, कर की आपला पण एक व्हिडिओ." मी म्हटलं करतो, पण साधा नाही करणार, प्रॉपर कलर ग्रेडिंग करून देतो. मामा म्हणाला ग्रेडिंग म्हणजे ज्वारीचं करतात तसं का, मालदांडी वेगळी, बाकीची वेगळी? मी हसलो. आता वाटतंय मामाची व्याख्या माझ्यापेक्षा बरी होती.

कारण मला तेव्हा ग्रेडिंग म्हणजे काय ते फक्त ऐकून माहीत होतं. दाविंची रिझॉल्व्ह नावाचं व्हिडिओचे रंग बदलायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं ते डाउनलोड केलं, जगातले मोठमोठे पिक्चर ह्याच्यावरच रंगतात म्हणे, म्हणजे आपली चादर तर सहज रंगेल. रंगाची चाकं दिसली, लिफ्ट, गॅमा, गेन. अंधाराचं एक, मधल्या उजेडाचं एक, लख्ख उजेडाचं एक. मी तिन्ही फिरवली, कुठलं कशासाठी ते न बघता, रिक्षाचं हँडल पहिल्यांदा हातात आलेल्या पोराने फिरवावं तशी.

पण त्याच्या आधी शूटिंग. कुठंतरी ऐकलेलं की प्रोफेशनल लोक लॉगमध्ये शूट करतात, म्हणून एक ॲप टाकून मी पण लॉग चालू केलं. लॉगमध्ये काय होतं, तर लख्ख उजेड आणि काळोख दोन्ही दाबून मधे आणतात, म्हणजे दोन्हीकडचं फारसं काही हरवत नाही, पण चित्र दिसताना एकदम फिकट राखाडी दिसतं, रंग नंतर बाहेर काढायचा असतो. हे मला माहीत होतं, मामाला नव्हतं. त्याने लॅपटॉपमध्ये डोकावून आपली मरून जॅकार्ड चादर बघितली आणि त्याचा चेहराच उतरला. "अरे ही तर पहिल्याच धुण्यात गेल्यासारखी दिसतीय की. कुणी घेईल का ही?" मी म्हटलं मामा थांबा, रंग आत आहे. मामा म्हणाला, मी पण गिऱ्हाइकाला तेच सांगत असतो.

आणि ते ॲप ८ बिटात रेकॉर्ड करत होतं हे मला नंतर कळलं. ८ बिट म्हणजे लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या. १० बिट म्हणजे १०२४. साध्या व्हिडिओला २५६ भरपूर होतात, पण लॉगमध्ये सगळं मधल्या थोड्याशा पायऱ्यांवर कोंबलेलं असतं आणि आपण ते नंतर ताणतो, मग पायऱ्या डोळ्याला दिसायला लागतात. दुकानाच्या मागच्या साध्या आकाशी भिंतीवर मस्त पट्टे पट्टे आले. मामी म्हणाली भिंतीला पण डिझाईन टाकलास होय, छान दिसतंय. मामी माझी एकमेव चाहती.

मग लट (LUT). ही म्हणजे रेडिमेड रंगाची फाईल, व्हिडिओवर टाकली की लुक तयार. मला पाचशे लटांचा पॅक फुकट मिळाला. मामाला लूट ऐकू आलं, म्हणाला फुकट मिळालं तर लूट कसली. मी सिनेमॅटिक नावाची एक लावली, ती टील-ऑरेंजवाली, सावल्या निळ्या-हिरव्या आणि माणसं नारंगी. ही लट दुसऱ्याच कुठल्या कॅमेऱ्याच्या लॉगसाठी बनवलेली होती, हे बघायचं असतं हे पण मला माहीत नव्हतं. आधी फुटेज आपल्या साध्या स्क्रीनच्या रंगात, म्हणजे रेक ७०९ मध्ये आणायचं, मग उजेड आणि पांढरा नीट करायचा आणि सगळ्यात शेवटी लुक. मी उलट सुरुवात केली, आधी वरात मग साखरपुडा. मामीचा चेहरा शेंगाचटणीच्या रंगाचा झाला. तिखट जास्त पडलेली शेंगाचटणी. माझी एकमेव चाहती त्या दिवशी मला जेवायला वाढून आत निघून गेली, भाकरी पाहिजे का पण विचारलं नाही.

बरं एवढं झाल्यावर मी जरा अभ्यास केला. कळलं की सगळ्यात आधी व्हाईट बॅलन्स, म्हणजे कुठल्याही उजेडात पांढरा पांढराच दिसेल असं बसवणं. फोन ऑटोवर असला की तो दर दोन सेकंदाला मत बदलतो, आणि आमच्या दुकानात आत ट्यूबलाईट आणि दारातून ऊन, त्यामुळं चादर आतून बाहेर आणली की वाटेत तिचा रंग दोनदा बदलायचा. त्यावर उपाय असा की ग्रे कार्ड आणायचं, १८ टक्के राखाडी, ते कॅमेऱ्यापुढं धरायचं आणि सॉफ्टवेअरला सांगायचं की हा खरा राखाडी, बाकीचं ह्यावरनं ठरव. कार्ड कोण विकत घेणार, कापडाच्या गावात राहून? मी मामाला म्हटलं मामा, ग्रे कापड आहे का एक तुकडा?

मामा म्हणाला ग्रे ना, आहे की, पाहिजे तेवढं.

आता ज्यांचं आयुष्य कापडात गेलंय ते इथंच हसले असतील. कापडाच्या धंद्यात ग्रे म्हणजे राखाडी नव्हे, ग्रे म्हणजे मागावरनं उतरलेलं कोरं कापड, न धुतलेलं न रंगवलेलं. ते असतं पिवळट, साईसारखं. मी रात्री दुकान बंद झाल्यावर ट्यूबच्या उजेडात तो तुकडा शूट केला, मला वाटलं ट्यूबमुळं पिवळा दिसतोय, आणि रिझॉल्व्हला ठणकावून सांगितलं की हा राखाडी आहे. रिझॉल्व्ह बिचारं आज्ञाधारक. त्याने तो पिवळेपणा मारायला अख्ख्या व्हिडिओत निळा ओतला.

हे कमी होतं म्हणून लॅपटॉपचा नाईट लाईट चालू होता. तो रात्री आपोआप लागतो, डोळ्याला त्रास नको म्हणून स्क्रीन पिवळी करतो. रात्री दोन वाजता मला सगळं अजून पिवळंच दिसत होतं, म्हणून मी हाताने आणखी निळा टाकला. त्यात लॅपटॉप इतका तापला की मामीने मायेने त्याच्याखाली टर्किश टॉवेल घडी करून घातला, खालची हवेची भोकं बंद झाली आणि पंखा असा ओरडायला लागला की शेजारच्यांना वाटलं पाणी आलं, मोटर लावली. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, त्यामुळं दोन घरातले लोक खरंच उठले. असो. पहाटे चारला रेंडर झालं, म्हणजे व्हिडिओची पक्की फाईल निघाली, मी न बघता अपलोड करून झोपलो.

सकाळी उठलो तर मामा खूश. नऊ ऑर्डरी! मामाने आयुष्यात ऑनलाईन एक टॉवेल विकला नव्हता, इथं एका रात्रीत नऊ. मग त्याने मेसेज नीट वाचले. नऊच्या नऊ लोकांना जांभळी चादर पाहिजे होती.

मामा मला काहीच बोलला नाही, हे जास्त वाईट. नुसता फोन उचलून कुणाला तरी लावला आणि म्हणाला, "आमच्या भाच्याला जरा रंग शिकवा ओ."

ते काका अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत डायिंगला. चाळीस वर्षं सूत रंगवतायत, घरी तेलुगू, कामावर मराठी, मधे मधे कन्नड, आणि बोटांच्या नखांत कुठला ना कुठला रंग कायमचा. मी लॅपटॉप उघडून दाखवायला लागलो तर म्हणाले बंद कर, आधी हे बघ. सुताच्या दोन मरून लडी हातात दिल्या. ट्यूबखाली सेम टू सेम. मला हाताला धरून दारात उन्हात नेलं, तर एक मरून आणि दुसरी चक्क तपकिरीकडं झुकलेली. मी परत आत गेलो, सेम. बाहेर, वेगळ्या. तीन वेळा आत-बाहेर केलं, कामगार बघून हसालते.

"म्हणून गिऱ्हाईक चादर घेऊन दारात जातंय," काका म्हणाले, "येडं नसतंय ते." ह्याला मेटामेरिझम म्हणतात हे पण त्यांनीच सांगितलं, आणि माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, काय, आम्हाला येत नाही होय इंग्लिश?

मग आत एका कोपऱ्यात एक डबा, आतून राखाडी रंग दिलेला, वर वेगवेगळे दिवे आणि बटणं. लाईट बॉक्स. शेड मॅच करायची ती ह्याच्यात, एक बटण दुकानातल्या दिव्याचं, एक पिवळ्या बल्बचं आणि एक दिवसाच्या उजेडाचं. त्या दिवसाच्या बटणावर लिहिलेलं, डी-६५. मी तिथंच उडालो. माझ्या मॉनिटरच्या सेटिंगमध्ये हेच लिहिलंय! रेक ७०९ चा पांढरा म्हणजे हाच डी-६५, साधारण ६५०० केल्विन, केल्विन म्हणजे उजेड किती पिवळा किती निळा त्याचं माप. म्हणजे मी रात्री दोनला जे शोधत होतो ते अक्कलकोट रोडला बटणावर होतं. काकांना सांगितलं तर त्यांना काही विशेष वाटलं नाही. पांढरा एकच असतंय, म्हणाले, कापडाचा काय आणि तुझ्या डबड्याचा काय.

मी म्हटलं मग पुढच्या वेळी पांढरा टॉवेल धरू का कॅमेऱ्यापुढं? ते म्हणाले अजिबात नको, पांढऱ्या टॉवेलला चमक यायला केमिकल मारलेलं असतंय, उन्हात तो निळा मारतो. मग मला एकदम गड्ड्याच्या यात्रेचा व्हिडिओ आठवला. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत मी नंदीध्वजांची मिरवणूक शूट केली होती, सातही काठ्या, सगळे पांढऱ्या बाराबंदीत, फ्रेमभर पांढरंच पांढरं. एवढं पांढरं दिसलं की फोन घाबरून उजेड कमी करतो, त्याला वाटतं सगळं जग सरासरी राखाडी असतं. बाराबंद्या मळक्या दिसायला लागल्या म्हणून मी बोटाने तो छोटा सूर्य वर ओढला, आणि बाराबंद्यांच्या चुण्या, नाड्या सगळं जळून नुसता पांढरा ठिगळ झाला. तो मी नंतर कितीही गेन खाली ओढून आणायला बघितला, नाही आला. जळलेल्या पांढऱ्यात काही शिल्लकच नसतं, खाली ओढलं की फक्त राखाडी ठिगळ होतं. अंधारातलं थोडंफार निघतं, जळलेलं निघत नाही. काका म्हणाले आमचं पण तसंच, फिकट सूत गडद करता येतं, गडद झालेलं फिकट करायला गेलं की सूत मरतं. म्हणजे आमचं दोघांचं उलटसुलट का होईना पण दुखणं एकच.

आणखी एक सांगितलं त्यांनी. ओलं सूत गडद दिसतं, शेड कधी ओल्यावर पास करायची नाही, वाळू दे, चहा पी, मग बघ. मी पहाटे चारला ओलंच पास केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दुकानाच्या दारात, सावलीत, ट्यूब बंद. लॉग बंद, साधंच मोड, व्हाईट बॅलन्स ५६०० केल्विनवर लॉक, उजेड पण लॉक. दोनेकशे रुपयांचं ग्रे कार्ड मागवलेलं, खरं राखाडी. आणि ह्या वेळी डोळ्यावर विश्वास न ठेवता स्कोप उघडले, म्हणजे रंग आणि उजेड मोजून दाखवणारे आलेख. वेव्हफॉर्ममध्ये ० ते १०२३ च्या पट्टीवर उजेड कुठपर्यंत चढलाय ते दिसतं, वर टेकला की जळला. परेडमध्ये लाल, हिरवा, निळा शेजारी शेजारी उभे राहतात, ग्रे कार्ड दाखवल्यावर तिघं एका उंचीवर पाहिजेत. आदल्या फाईलवर उघडून बघितलं तर निळा बाकीच्या दोघांच्या डोक्यावर उभा होता, रात्रभर तिथं ओरडून सांगत असणार, मी बघितलंच नाही. आणि व्हेक्टरस्कोपमध्ये कातडीच्या रंगासाठी एक रेष असते. माणूस गोरा असो सावळा असो, कातडीखालचं रक्त एकच, म्हणून सगळ्यांचे ठिपके त्या रेषेच्या आसपास पडतात. मामी रेषेवर आली आणि शेंगाचटणीतून परत माणसात आली. संध्याकाळी भाकरी मिळाली, वर लोणी.

चादर शेजारी ठेवून स्क्रीनवरचा मरून मिळवला. एकदम मरून. मामाने दारात जाऊन, आत येऊन, परत दारात जाऊन बघितलं. पास.

नवा व्हिडिओ टाकून आज बारा दिवस झाले. मरूनची एक चौकशी आलीय, ती पण मावशीची. जांभळीचे फोन अजून चालू आहेत, आकडा तेवीसवर गेलाय, कारण जुना व्हिडिओ कुणीतरी कुठं कुठं पाठवलाय.

शेवटी काल मामाने काकांनाच दुकानात बोलावलं. म्हटला बसा, चहा घ्या, आणि हा ह्याच्या व्हिडिओतला जांभळा सुतावर उतरवून द्या, पन्नास चादरींचा लॉट काढू. काकांनी व्हिडिओ मामाच्या फोनवर बघितला. मग माझ्या फोनवर. मग मामीच्या. तिन्ही फोन घेतले, दारात पायरीवर ओळीने मांडले, तिन्ही एकाच जागी थांबवले आणि वाकून कितीतरी वेळ बघत बसले. एक जांभळ्यासारखा जांभळा, एक वांग्यासारखा, आणि मामीचा जवळजवळ निळाच.

"ह्यातला कुठला करू?" काकांनी मान वर न करता विचारलं.

मामाने पण चष्मा लावून तिन्हीकडं एकेकदा बघून घेतलं.

"स्वस्तात कुठला बसतोय, तो करा की ओ."