सहा किलोची मान

मान आखडली. डॉक्टर म्हणाले, नस दबलीय, दहा दिवस शेक आणि ट्रॅक्शन घ्या. सांगलीत विश्रामबागेतलं हे फिजिओथेरपीचं ठिकाण दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघेवाल्यांनी आधी जिने चढून दाखवायचे, मग उपचार! पैसे मात्र दहाही दिवसांचे आगाऊ.

काल चौथा दिवस. हनुवटीखाली पट्टा, डोक्यामागं पट्टा, यंत्रावर आकडा सहा किलो. यंत्र ओढतं, सोडतं, पुन्हा ओढतं. दाव्याला बांधलेलं जनावर निदान हंबरतं तरी. माझे दात उघडेनात. नेमके तेव्हाच शेजारच्या स्टुलावर एक आजोबा टेकले. मार्केट यार्डात जन्मभर हळदीची पोती वाहिलेले, बायकोच्या गुडघ्यापायी आलेले.

"काय उचाललासा?"

"मॉबॉल."

"आं?"

मी उशाजवळच्या फोनकडं बोट केलं. त्यांनी तो तळहातावर घेऊन तोलला. "पाव किलोबी न्हाई की वो!" मग पडद्याआड हाक, "अगं, ह्येंची मान फोननं धरलीया!"

तीन पडदे हसले.

मला सांगायचं होतं की वजन फोनचं नसतं, डोक्याचं असतं. पाचेक किलोचं डोकं पुढं वाकलं की मानेमागचे स्नायू ते दिवसभर तोलून धरतात. जिराफाच्या मानेतही आपल्यासारखे सातच मणके असतात, हेही सांगायचं होतं. त्याचा इथं काही संबंध नव्हता, पण चारचौघांत हसं झाल्यावर माणसाला काहीतरी ज्ञान पाजळावंसं वाटतं. पट्ट्यानं तेही होऊ दिलं नाही.

"शंभर किलोचं पोतं घ्यायचो आमी. सहा किलोत काय सुटतंय? मी जरा वडू का?"

आणि त्यांनी खरंच दोरीला हात घातला! मी हातातलं बटण दाबलं. यंत्र थांबलं, पोरगी धावत आली आणि मलाच म्हणाली, "काका, हलू नका म्हटलं होतं ना!"

नंतर तिनं व्यायाम दाखवला. तळहात कपाळाला लावायचा, डोक्यानं रेटायचं, हातानं अडवायचं, मान तसूभर हलू द्यायची नाही. दहा अंक मोजायचे, दहा वेळा. घरबसल्या, फुकट. हे चौथ्या दिवशी? पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर मी पैसे भरले नसते म्हणून?

तणतणत जिन्यापाशी आलो. आजोबा एका हातानं आजींना धरून उभे होते. दुसरा हात माझ्या लॅपटॉपच्या पिशवीकडं आला.

"आना हिकडं. तुमच्या मानंला झेपायचं न्हाई."

मी मुकाट्यानं दिली.