'म्हैसूर'ची आधीची कारकीर्दही सांगा

आपल्या नौदलाच्या जुन्या 'आयएनएस म्हैसूर' या युद्धनौकेवरचा तुमचा लेख आवडला, पण सुरुवात ती आपल्याकडे दाखल झाली त्या १९५७ पासून का? त्याआधी ती ब्रिटिशांची 'नायजेरिया' होती. ऑगस्ट १९४२ मध्ये भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटाला रसद पोचवणाऱ्या ताफ्यात रिअर अ‍ॅडमिरल बरो तिच्यावरूनच हुकूम सोडत होते. इटालियन पाणबुडीचा टॉर्पेडो बसला, बरोंना दुसऱ्या जहाजावर, एका विनाशिकेवर (डिस्ट्रॉयरवर) जावं लागलं, पण ही काही बुडाली नाही. तीच १९७१ च्या युद्धात आपल्या पश्चिमी ताफ्याची ध्वजनौका, म्हणजे ताफ्याच्या प्रमुखाची नौका!

आमच्या साताऱ्यात फौजी म्हटलं की पायदळच आठवतं. माझे चुलते म्हैसूरच्या बॉयलररूममध्ये होते, मनगटावर वाफेनं भाजल्याचा चट्टा शेवटपर्यंत होता. तोफांवर भरपूर लिहिलंत, आता खाली राबणाऱ्या या माणसांवरही लिहाच.